ली-एनफिल्डची स्पोर्टर: करवतीआधी लाकूड समजून घ्या

महाराष्ट्रात 'थ्री-नॉट-थ्री' म्हटलं की पोलीस चौकीतली नाहीतर एनसीसीच्या परेडमधली जड, लांब रायफल आठवते. तीच ली-एनफिल्ड दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात जुन्या लष्करी मालातून अगदी स्वस्तात विकली गेली. शिकाऱ्यांनी आणि छोट्या कारखान्यांनी तिचं पुढचं लाकूड कापलं, संगिनीचं लोखंड उतरवलं, दस्ता घासूनपुसून घेतला आणि तिची 'स्पोर्टर' केली. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल ही कंपनी हे काम नीट, ठरलेल्या मापांनी करायची. बाकीचं बरंचसं काम गॅरेजमध्ये, लाकडाच्या करवतीने झालं. त्यातल्या पुष्कळ रायफली मूळ अवस्थेत चांगला नेम देत होत्या आणि हलक्या झाल्यावर देईनाशा झाल्या. त्यामागे एक ठराविक कारण आहे. ली-एनफिल्डचं लाकूड नुसतं आवरण नाही. बॅरल कुठे दाबायची, धक्का कुठे घ्यायचा, चाप किती ओढल्यावर सुटणार, हे सगळं त्या लाकडाच्या बसणीवर ठरतं.

कायद्याचं आधी सांगतो. भारतात हा उद्योग करता येत नाही. .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं हाच गुन्हा आहे. म्हणून हा लेख कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथल्या परवानाधारक मराठी नेमबाजांसाठी आणि या रायफलीच्या यंत्राबद्दल कुतूहल असलेल्यांसाठी आहे. त्या देशांतही स्थानिक नियम वेगवेगळे आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकेत रायफलीची बॅरल १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी झाली की ती वेगळ्या, कडक कायद्याखाली जाते.

.३०३ सामान्य माणसाच्या हाती नको, हे इंग्रजांचंच धोरण. त्यामुळे हिंदुस्थानच्या बाजारासाठी बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्याच धर्तीच्या यंत्रावर .३१५ बोअरची शिकारी रायफल विकली. तिचं काडतूस म्हणजे ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिलिमीटर मॅनलिखर. त्याला बुडाशी .३०३ सारखीच बाहेर आलेली कड असल्यामुळे ते याच यंत्रात सहज सामावलं. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने हीच परंपरा पुढे चालवली. लष्करी रायफलीची शिकारी रायफल कशी दिसावी, हे पाहायचं असेल तर इशापूरची .३१५ हा आपल्या घरचाच नमुना आहे: आखूड फोरएंड (बॅरलखालचं पुढचं लाकूड), उघडी बॅरल, साधी साइट (नेम धरायची खूण).

आता कोणत्या रायफलीला हात लावायचा? माझं मत ठाम आहे. पूर्ण लाकडासह, जुळत्या नंबरांची रायफल मिळाली असेल तर तिला करवत लावू नका. पन्नास-साठच्या दशकांत तिची किंमत नगण्य होती, आज तशी नाही, आणि नवीन तर बनणार नाहीत. ली-एनफिल्डची जुनी जात म्हणजे नंबर १, नंतरची नंबर ४. त्यातली हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीने दुर्बिणीसाठी तयार केलेली नंबर ४ (टी) तर कापण्याचा विचारही नको. तिच्या रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य लोखंडी भागाच्या, डाव्या बाजूला दुर्बिणीचे दोन पॅड असतात, ते ओळखायला शिका. काम करायला योग्य रायफल म्हणजे जिचं फोरएंड आधीच कुणीतरी कापून ठेवलं आहे ती. अशा रायफली भरपूर मिळतात. त्यांची बॅरल मूळ २५.२ इंचांची शाबूत असेल तर पुढेमागे लाकूड आणून तिला पुन्हा लष्करी रूप देता येतं. म्हणून पुढच्या सगळ्या कामात बॅरल कापायची नाही, हे मी धरून चालतो.

विकत घेण्याआधी खुणा वाचा. 'डीपी' कोरलेली रायफल कवायतीसाठी काढलेली असते, ती उडवायची नाही, तिचे सुटे भागही वापरायचे नाहीत. इशापूरमध्ये काही रायफली .४१० बोअरच्या एकबारी मस्केट केल्या गेल्या. बाहेरून त्या थ्री-नॉट-थ्रीच दिसतात, पण त्यांत .३०३ काडतूस घालणं धोक्याचं. फोरएंडवर तांब्याची तार गुंडाळलेल्या रायफली ग्रेनेड फेकण्यासाठी वापरल्या गेल्या, त्यांच्या यंत्राने बराच ताण खाल्लेला असतो. फोरएंडमधून आडवा गेलेला स्क्रू मात्र दोष नव्हे. लाकूड चिरू नये म्हणून भारतात केलेली ती मजबुती आहे. चौकोनी १२ गोळ्यांचं मॅगझीन दिसलं तर ती इशापूरची २ए किंवा २ए१, म्हणजे मुळातच ७.६२ नाटो या काडतुसासाठी बनवलेली रायफल. जुन्या .३०३ नंबर १ ला ७.६२ ची बॅरल बसवायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. त्या जुन्या रिसीव्हरची ताकद .३०३ च्या दाबापुरती आहे.

बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्यावरचा) नंबर रिसीव्हरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बोल्टच्या लॉक होणाऱ्या बाजू त्या त्या रिसीव्हरला घासून बसवलेल्या असतात, दुसरा बोल्ट घातला की भार एकाच बाजूवर येऊ शकतो. कॅनडाच्या लाँग ब्रँच आणि अमेरिकेच्या सॅव्हेज कारखान्यांतल्या नंबर ४ मार्क १* मध्ये बोल्टहेड (बोल्टचं सुटं पुढचं टोक) काढण्यासाठी ते ज्या रुळावर सरकतं त्या रुळातच एक खाच ठेवलेली आहे. त्या खाचेची पुढची कड तुटलेली असेल तर बोल्ट पुढे-मागे करताना बोल्टहेड रुळावरून उडी मारतं. बोटाने चाचपून पाहा. ही दुरुस्ती सोपी नाही, अशी रायफल सोडून द्या.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा, गनस्मिथकडून गेजने (ठराविक मापाच्या ठोकळ्याने) तपासून घ्या, काम सुरू करण्याआधीच. .३०३ चं हेडस्पेस काडतुसाच्या कडेवर ठरतं. .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे. ब्रिटिश लष्कराचा वरचा गेज .०७४ इंचाचा होता, त्यावर बंद होता कामा नये. नंबर ४ ची बोल्टहेड ० ते ३ अशा चार क्रमांकांत येतात, प्रत्येक पुढचं सुमारे .००३ इंचाने लांब. नंबर १ ची बोल्टहेड क्रमांकाशिवाय असतात, दोन-चार घालून मोजावी लागतात. नवीन बोल्टहेड हाताने आवळल्यावर खुणेच्या पुढे जास्त फिरत असेल, ढोबळमानाने २० अंशांहून अधिक, तर ते चालणार नाही.

बॅरलची नळी आतून काळी दिसली म्हणून घाबरू नका. कॉर्डाइटने (काडतुसातल्या जुन्या दारूने) आणि क्षारयुक्त प्रायमरने (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीने) खाल्लेल्या नळ्या घासून साफ केल्यावर पुष्कळदा ठीक मारतात. खरी अडचण तोंडाशी, गोळी बाहेर पडते त्या टोकाशी, असते. वर्षानुवर्षं दोरीने नळी साफ करताना दोरी तिरकी ओढली गेली की तोंडाची एक बाजू झिजते. काडतूस नाही, नुसती सुटी गोळी टोकाकडून तोंडात घालून पाहा. ती जवळजवळ पूर्ण आत गेली किंवा एका बाजूला डुलली, तर झीज आहे. उपाय लेथवरच होतो: झिजलेला भाग आतून मोठा करून रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) आतल्या निरोगी जागेपासून सुरू करणं. बाहेरची लांबी तशीच राहते. हॅकसॉने तोंड कापून कानशीने सपाट करणं ही या छंदातली सगळ्यात महागात पडणारी युक्ती. तोंड नळीशी काटकोनात नसेल तर गोळीमागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी डगमगते. शिवाय साइटचा पाया नव्याने बसवावा लागतो, तो प्रश्न वेगळाच.

आता उकलायला घ्या. बोल्ट काढा, मॅगझीन काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून रिकामं असल्याची खात्री करा. चांगले, पोकळ घासलेल्या पात्याचे स्क्रू ड्रायव्हर हवेत. साध्या पाचरीसारख्या पात्याने स्क्रूची खाच हमखास फाटते. नंबर १ मध्ये आधी नोजकॅपचे (तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपणाचे) स्क्रू, मग मधला पट्टा, त्याच्या खाली लपलेला आतल्या पट्ट्याचा छोटा स्क्रू आणि त्याची स्प्रिंग, मग ट्रिगर गार्डचे (चापाभोवतीच्या कमानीचे) मागचा आणि पुढचा स्क्रू. नोजकॅपजवळ फोरएंडमध्ये एक छोटा स्टड आणि स्प्रिंग असते, ती टुणकन उडून हरवते. फोरएंड पुढून सरळ खाली, थोडं थोडं करत सोडवा. मागच्या टोकाला पेचकस घालून उचकटलं की तिथलं लाकूड सोललं जातं.

दस्ता काढायची घाई करू नका. नंबर १ मध्ये दस्त्याचा लांब बोल्ट पुढे चौकोनी असतो आणि फोरएंडमधल्या एका पत्र्यात अडकलेला असतो, सैल होऊ नये म्हणून. फोरएंड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की चौकोनी टोक पत्र्यासकट वळतं आणि फोरएंडचं मागचं टोक चिरतं. बाजारात दिसणाऱ्या फुटक्या फोरएंडपैकी बऱ्याच अशाच फुटलेल्या आहेत. म्हणून क्रम पक्का: आधी फोरएंड, मग दस्ता. जोडताना उलट.

फोरएंड हातात आली की ती उलटी करून मागच्या टोकाच्या आत पाहा. मॅगझीनच्या खाचेच्या मागे, दोन्ही बाजूंना दोन तिरक्या भिंती दिसतील. इंग्रजीत त्यांना 'ड्रॉज' म्हणतात. गोळी सुटल्यावर रिसीव्हरचा सगळा धक्का या दोन भिंती घेतात. पन्नास-ऐंशी वर्षांत लाकूड आकसतं, तेलाने मऊ पडतं, आणि या भिंती दबून मागे सरकतात. मग फोरएंडची मागची कड रिसीव्हरच्या सॉकेटवर (दस्ता बसतो त्या खोबणीवर) आपटायला लागते आणि मधोमध चीर जाते. ऑस्ट्रेलियात कोचवुड या तिथल्या झाडाच्या लाकडात या जागी तांब्याचे पत्रे बसवले, ते लाकूड मऊ होतं म्हणूनच. ड्रॉज सैल असलेल्या रायफलीच्या गोळ्या उभ्या रेषेत पसरतात, आणि मालक बिचारा दुर्बीण बदलत बसतो.

दुरुस्ती अशी. तेल शोषलेलं लाकूड आधी अॅसिटोनने आणि खडूच्या भुकटीने कोरडं करा, नाहीतर एपॉक्सी (घट्ट होणारा कृत्रिम गोंद) धरत नाही. दबलेला भाग धारदार पटाशीने चौकोनी काढा. अक्रोड किंवा बीचचे कठीण तुकडे असे बसवा की तंतू धक्क्याच्या दिशेने, म्हणजे बॅरलच्या रेषेत जातील. तंतू आडवे बसवले तर तुकडा काही दिवसांत चेपतो. चिकटवल्यावर तुकडा थोडा जाड ठेवा. रिसीव्हरच्या संबंधित कडांना दिव्याच्या काजळीचा पातळ थर लावा, फोरएंड दाबून बसवा, काढा, जिथे काळं लागलं तेवढंच खरवडा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी, सारखा ठसा उमटेपर्यंत हे करत राहायचं. शेवटी फोरएंड हाताच्या दाबाने, किंचित कडक बसली पाहिजे आणि तिची मागची कड सॉकेटला टेकता कामा नये. एक कागद सहज सरकेल इतकी फट ठेवा.

पुढच्या ट्रिगर गार्ड स्क्रूच्या भोवती लाकडात एक धातूची नळकांडी असते, कॉलर म्हणतात तिला. स्क्रू तिच्यावर आवळला जातो. लाकूड आकसलं की कॉलर लाकडापेक्षा लांब ठरते: स्क्रू घट्ट, पण फोरएंड हलते. अशा वेळी कॉलर कानशीने अगदी थोडी, दर वेळी तपासत, कमी करा. जास्त गेली तर स्क्रू लाकूड चेपत राहील आणि ट्रिगर गार्ड वर सरकेल. नंबर १ आणि नंबर ४ मार्क १ मध्ये चाप ट्रिगर गार्डवर टांगलेला आहे, त्यामुळे गार्ड हलला की चापाची ओढ बदलते. पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरी. हाच त्रास टाळण्यासाठी १९४९ च्या नंबर ४ मार्क २ मध्ये चाप रिसीव्हरवर टांगला.

हे सगळं झाल्यावरच फोरएंडची लांबी ठरवा. आधीच कापलेली असेल तर कापाची जागा चौकोनी करून घ्या आणि टोक गोलसर घडवा. आधी रफ कानस, मग १२०, १८०, २४० चा पेपर. पुढच्या टोकाची जाडी निमुळती करताना बॅरलच्या खाचेच्या बाजूच्या भिंती ३ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका.

इथेच बहुतेक स्पोर्टर बिघडतात. पूर्ण लांबीच्या नंबर ४ मध्ये फोरएंडचं टोक बॅरलला खालून वर दाबतं, आर्मरर (लष्करातले शस्त्रांचे कारागीर) २ ते ७ पाउंडांचा दाब ठेवायचे. नंबर १ मध्ये आतला पट्टा आणि नोजकॅपजवळचा स्प्रिंगवाला स्टड मिळून बॅरलला धरतात. फोरएंड कापली की हा आधार गेला, आणि राहिलेलं लाकूड बॅरलला कुठेतरी, कसंतरी टेकतं. नंबर ४ ची बॅरल जाड आहे, तिचा मार्ग सोपा: चेंबरभोवतीचा जाड भाग आणि त्याच्या पुढचा एखादा इंच एपॉक्सीने नीट बसवा, बाकी बॅरल पूर्ण मोकळी ठेवा. जाडसर कागदाची पट्टी टोकापासून चेंबरपर्यंत न अडकता सरकली पाहिजे. एपॉक्सीआधी धातूला रिलीज एजंट (चिकटू न देणारा लेप) दोनदा लावा, आणि स्क्रूची भोकं, सिअरची (चाप ओढल्यावर सुटणाऱ्या खिट्टीची) जागा प्लास्टिसिनने (खेळायच्या मऊ मातीने) बुजवा. एवढं विसरलं तर रिसीव्हर लाकडात कायमचा चिकटतो.

नंबर १ ची बॅरल सडपातळ आहे. ती मोकळी सोडून तापली की गोळ्या एका दिशेने सरकत जातात, असं पुष्कळदा होतं. तिला कापलेल्या टोकाशी खाली एक छोटा आधार द्या: बुचाची पट्टी किंवा एपॉक्सीचा पॅड, साधारण २० मिलिमीटर रुंद. दाब थोडा ठेवून पाच गोळ्यांचा गट पाहा, पॅड घासून दाब कमी करा, पुन्हा पाहा. हे अंदाजानेच जमतं, प्रत्येक बॅरलचं वेगळं.

लाकूड बदललं की नेमाची उंचीही बदलते. हिशेब सरळ आहे: चुकलेलं अंतर गुणिले पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर, सगळं इंचात. नंबर ४ मध्ये दोन साइटमधलं अंतर सुमारे २८.७ इंच. १०० यार्डांवर, म्हणजे ३६०० इंचांवर, गोळी ४ इंच वर लागत असेल तर ४ × २८.७ ÷ ३६०० = .०३२ इंच. गोळी खाली आणायला पुढची साइट उंच करायची असते. नंबर ४ च्या पुढच्या साइटचे ब्लेड .०१५ इंचाच्या टप्प्याने येतात, म्हणजे दोन टप्पे उंच ब्लेड घ्या. नंबर १ मध्ये हे अंतर १९.४ इंचच आहे, त्यामुळे तेवढ्याच चुकीला .०२२ पुरतं.

दुर्बीण लावायचीच असेल तर बॅकसाइटच्या भोकात आणि रिसीव्हरला पकडून बसणारा क्लॅम्प माउंट घ्या. भोकं पाडून, वरचा चार्जर ब्रिज (काडतुसांची पट्टी लावायचा आडवा पूल) घासून काढून केलेलं काम परत फिरवता येत नाही. क्लॅम्प माउंट धक्क्याने सरकतो ही तक्रार खरी आहे, म्हणून पृष्ठभाग तेलविरहित करा आणि सुरुवातीला दर पाच-दहा गोळ्यांनी स्क्रू तपासा. दस्ता उघड्या साइटसाठी बनवलेला आहे, दुर्बिणीसमोर गाल हवेतच राहतो. २५ ते ३५ मिलिमीटर उंचीचा, चामड्याचा बांधायचा गालपट्टा पुरेसा.

चापाला कानस लावू नका. सिअरच्या टोकाचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो, तो गेला की आतला मऊ धातू झिजत जातो आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच गोळी सुटते. मूळची दोन टप्प्यांची ओढ, दुसरा टप्पा ५ ते ६.५ पाउंडांचा, शिकारीला अजिबात वाईट नाही. पहिला टप्पा काढून टाकण्याचे उद्योग करू नयेत.

लाकडावरच्या खोचा पेपरने घासून काढण्यापेक्षा ओलं फडकं आणि गरम इस्त्री वापरा, वाफेने दबलेले तंतू वर येतात. मग कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

काडतुसांबद्दल दोन गोष्टी. जुन्या लष्करी .३०३ मालात बुडावर 'केएफ' कोरलेली काडतुसं दिसतात, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. हा जुना माल क्षारयुक्त प्रायमरचा धरून चाला. त्यातलं मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. उडवल्याच्या दिवशीच चेंबरमधून नरसाळ्याने अर्धा लिटर उकळतं पाणी ओता. नळी गरम होऊन स्वतःच वाळते, मग तेल. दुसरं, मॅगझीन भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर वरचं काडतूस खालच्यात अडकून बोल्ट थांबतो. लोक स्प्रिंगला दोष देतात, चूक भरण्यात असते.

पहिल्या गोळ्या रायफल बाकावर पक्की बांधून, दोरीने चाप ओढून उडवा आणि रिकामी काडतुसं नीट पाहा. कडेच्या थोडं पुढे चकाकती गोल रेघ दिसली किंवा प्रायमर बाहेर आला असेल, तर हेडस्पेस पुन्हा मोजून घ्या. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे धक्क्यात बोल्ट थोडा दबतो आणि रिसीव्हर थोडा ताणतो, म्हणून काडतूस त्या रेघेच्या जागीच सगळ्यात आधी तुटतं. पुन्हा भरणार असाल तर पितळ (रिकामं कवच) पूर्ण साइझ करू नका, म्हणजे साच्यात दाबून मूळ मापाला आणू नका, फक्त गळा साइझ करा. मग काडतूस कडेऐवजी खांद्यावर टेकतं आणि जास्त वेळा वापरता येतं.